आमच्या गावच्या लाकडी चक्रीचे घोडे : विकायचे, ठेवायचे की पुन्हा फिरवायचे?

कुळागर · ४ जानेवारी, रात्री ९.५०

मंडळी, डिचोली तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावात देवळाच्या रथखान्यात, रथाच्या पाठीमागे, एक लाकडी चक्री पडून आहे. मधला खांब, आठ दांड्या, आठ घोडे. घोडे हाताने कोरलेले. जत्रेच्या तीन रात्री ती देवळापुढच्या मळ्यात उभी राहायची आणि दोन माणसे दांडीला छाती लावून ढकलायची. शेवटची उभी राहिली तेव्हा मी सातवीत होतो. तीस वर्षे होऊन गेली.

आता रथाची डागडुजी काढली आहे म्हणून रथखाना रिकामा करायला घेतला. ताडपत्री ओढली आणि आम्ही चौघे तिथेच खाली बसलो. एका घोड्याचा मागचा पाय मोडलाय, दोघांचे कान गेलेत, जमिनीला टेकलेल्या दोन दांड्या वाळवीने खाल्ल्यात. पण माना बघा! आयाळीची एकेक बट वेगळी कोरलेली, आणि आठ घोड्यांत कोणत्याही दोघांचे तोंड सारखे नाही. एकाने ओठ फाकवलेत, दात दिसतात. त्याला आम्ही ‘हसरो’ म्हणायचो आणि त्याच्यावर बसायला मारामाऱ्या व्हायच्या. त्याच्या मानेवरचा रंग पोरांच्या हातांनी पार गेलाय, खालचे लाकूड तुळतुळीत झालेय. हात ठेवला तर नेमका तिथेच बसतो.

प्रश्न असा. हॉटेलांसाठी जुने सामान घेणारे एक गृहस्थ येऊन बघून गेले, आकडा बरा सांगितलाय. देवस्थान समितीतले निम्मे म्हणतात देऊन टाका, रथाच्या खर्चाला हातभार लागेल. काही म्हणतात सभामंडपात काचेत ठेवू. माझ्या मते ती फिरली पाहिजे. जत्रा चैत्रात आहे, सभा २५ तारखेला. ज्यांना लाकडातले कळते, ज्यांनी अशा चक्रीत बसण्याचा आनंद घेतलाय, त्यांनी कृपया लिहा. सभेत नुसते ‘मला वाटते’ म्हणून चालणार नाही.

मांडवीकाठ · ४ जानेवारी, रात्री १०.०५

आधी फोटो टाका. हसऱ्याचा नक्की.

खाजेवाली · ४ जानेवारी, रात्री १०.४०

अगदी अशीच चक्री आमच्या आजोळी पेडण्याकडे असायची, सहा घोड्यांची. दशावतारी नाटक सुरू व्हायला मध्यरात्र उलटायची, तोवर आम्हा पोरांना जागे ठेवायला ती चक्रीच. एका हातात खाज्यांचा पुडा, दुसऱ्या हाताने सळी घट्ट धरलेली. खाज्याच्या गुळाने हात चिकट आणि सळीला गंजाचा वास. घरी गेल्यावर आई हात हुंगायची आणि म्हणायची, “कितीदा बसलीस?” खोटे बोलायची सोयच नव्हती.

विकू नका हो. माझ्या आजोळची कुठे गेली ते आज गावात कोणालाच सांगता येत नाही.

सुतारपक्षी · ५ जानेवारी, सकाळी ७.१५

आमच्या घरात तीन पिढ्या मेस्तपण, म्हणजे सुतारकाम, आहे. वडिलांनी रथाची कामे केलीत, मीही करतो. म्हणून विचारतो, आणि उत्तरे नीट बघून द्या :

घोडा एकाच ओंडक्यातला आहे की जोडून केलेला? पोटावर टिचकी मारा. भरीव असेल तर आवाज बसका येईल, पोकळ असेल तर घुमेल. एका ओंडक्यातला घोडा सुकताना गाभ्यापासून बाहेरपर्यंत तडकतो, म्हणून जाणता कारागीर फळ्या जोडून पेटीसारखे पोट करतो आणि मग बाहेरून कोरतो. वजनही निम्म्यावर येते.

दुसरे, पाय. पायात लाकडाची रेषा, म्हणजे धाग्यांची दिशा, वरून खाली जाते की आडवी? पाय नेहमी वेगळा करतात, रेषा पायाच्या लांबीने ठेवतात आणि टोकाला जीभ काढून ती पोटाच्या खाचेत बसवतात. रेषा आडवी आली की पाय बिस्किटासारखा मोडतो. मोडलेल्या पायाचा फोटो जवळून हवा.

तिसरे, वाळवी की भुंगा? वाळवी माती आणते. भुंग्याची भोके टाचणीच्या डोक्याएवढी आणि खाली पिठासारखा भुसा. घोड्याखाली काळा कागद पाच-सहा दिवस ठेवा. त्यावर नवा भुसा पडला तर भुंगा जिवंत आहे, नाही पडला तर ती बहुधा जुनी भोके, तरी नजर ठेवा.

आणि काहीही करा, पण प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, प्लास्टिकच्या आत लाकडाला घाम सुटतो.

रानभूल · ५ जानेवारी, सकाळी ११.३०

मी वेगळे मत मांडते. राग मानू नका.

ती फिरवू नये. आठ-दहा पोरे रोज संध्याकाळी त्या माना धरून लोंबकळली, पावसाचा एक शिंतोडा आला, की पाच वर्षांत त्या आयाळीचे काय राहील? बाणावलीचे ‘गोवा चित्र’ संग्रहालय पाहिलेय का कोणी? २००९ साली उघडले. नांगर, उसाचा घाणा, मापटी, लोकांनी अडगळीत टाकलेल्या वस्तू तिथे गोळा करून ठेवल्यात, आणि मोडलेल्या जुन्या घरांचेच सामान वापरून ते उभे केलेय. त्या वस्तू आता कोणी वापरत नाही म्हणूनच वाचल्यात. पोरांना बसायला फायबरचे घोडे मिळतात. कोरणारा परत मिळणार नाही.

मांडवीकाठ · ५ जानेवारी, दुपारी १२.१०

ताई, पण काचेतल्या घोड्याच्या मानेवर हात ठेवता येणार नाही ना? कुळागरांनी सगळ्यात आधी तेच केले.

बोरीपूल · ५ जानेवारी, दुपारी १.००

थोडे अवांतर. आमच्या फोंड्याकडे याला ‘घोड्यांचा पाळणा’ म्हणायचे. चक्री म्हणजे हातातली, दोरीची. आमच्या आजोबांना पोर्तुगीज येत असे, ते ‘कारोसेल’ म्हणायचे.

खाजेवाली · ५ जानेवारी, दुपारी १.२०

पाळणा म्हणजे वर-खाली जाणारा, रहाटासारखा. आडवी फिरते ती चक्री. यावर मी भांडायला तयार आहे. :)

कुळागर · ५ जानेवारी, रात्री ९.१५

फोटो टाकलेत. सुतारपक्षी, तुमच्या प्रश्नांची उत्तरे, टॉर्च घेऊन पाहिलेली :

पोट घुमते. सगळ्या आठांचे. खालून पाहिले तर फळ्यांचे सांधे दिसतात, खिळा एकही नाही, सरसाने जोडलेले आणि आत लाकडी खुंट्या.

पाय... इथे मी थक्क झालो. सगळ्या पायांत रेषा वरून खाली आहे. फक्त मोडलेल्या पायात आडवी! आणि ते लाकूडही वेगळे आहे, लालसर. बाकी पाय फिकट पिवळट. म्हणजे कोणीतरी नंतर बसवलेला पाय तो. मूळ कारागिराचा एकही पाय मोडलेला नाही.

काळे कागद ठेवलेत.

सुतारपक्षी · ५ जानेवारी, रात्री ९.५०

वाटलेच होते. फिकट पिवळे लाकूड फोटोवरून शिवणीच्या झाडाचे वाटते. वजनाला हलके, कोरायला लोण्यासारखे, आणि उन्हापावसात फारसे वाकडे होत नाही. मागचा पाय मोडतोच, कारण पोरे त्याच्यावर पाय देऊन वर चढतात. कोणीतरी घाईत हाताला लागले ते जांभ्याचे नाहीतर किंदळाचे लाकूड कापून लावले असणार, रेषा न बघता. शिवणीचा वाळलेला तुकडा मिळाला तर हा पाय दोन दिवसांचे काम आहे.

पाटो · ६ जानेवारी, सकाळी १०.००

विकण्याच्या बाजूने जे आहेत त्यांच्यासाठी कायद्याची बाजू, कारण मी हेच काम करतो. पुरावशेष आणि कलानिधी कायदा, १९७२. शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू पुरावशेष ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. चक्री किती जुनी आहे ते ठरल्याशिवाय समितीने कोणत्याही कागदावर सही करू नये. देवस्थानच्या जुन्या हिशेबाच्या वह्या काढा. चक्रीच्या पैशाची नोंद कुठेतरी असेलच.

शिवाय ती देवस्थानची मालमत्ता आहे. चौघांनी ठरवून ती जात नाही, महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या सभासदांच्या, सभेत ठराव लागतो.

हळदणकरीण · ६ जानेवारी, दुपारी ३.३०

आमच्या घराचे कोरीव खांब असेच गेले. चार खांब, फणसाचे, प्रत्येकावर केळफूल. काका म्हणाले वाळवी लागलीय, नाहीतरी पाडायचेच आहे. टेम्पो आला, तासाभरात गेले. वर्षाने एका लग्नाला एका हॉटेलात गेलो तर स्वागतकक्षात आमचा खांब. मला ओळखता आला, कारण धाकट्या भावाने त्यावर खिळ्याने आपली उंची कोरून ठेवली होती. मी तिथे उभी राहून त्या रेघेवर बोट ठेवले. तिथल्या मुलाने येऊन अदबीने सांगितले, हात लावू नका, अँटिक आहे.

विकणाऱ्यांना एवढेच विचारा, उद्या बघायला तिकडे जाल का?

सह्याद्रीपल्याड · ६ जानेवारी, रात्री ११.५०

मी मूळचा साखळीचा, वीस वर्षे अमेरिकेत. हा धागा वाचून झोप उडाली.

मोंटाना राज्यात मिझुला नावाचे शहर आहे, तिथे मी दोनदा गेलोय. १९९५ साली त्यांनी गावकऱ्यांनी स्वतः कोरलेली चक्री सुरू केली. एका हौशी लाकूडकाम करणाऱ्याने नगरपालिकेला शब्द दिला होता, की तुम्ही जागा द्या आणि ती कधी मोडणार नाही असे वचन द्या, मी चक्री बांधून देतो. मग शेकडो माणसे शिकली. शिक्षक, दुकानदार, निवृत्त लोक. अडतीस घोडे आणि लाखाहून अधिक तासांची फुकट मेहनत. आज त्याच घोड्यांवर पोरे बसतात. रंग गेला की पुन्हा रंगवतात, खरचटले की भरतात. रानभूल, तिथे कारागिरी टिकली कारण दुरुस्ती सतत चालू आहे आणि ती करणारे हात गावातच आहेत.

जुने म्हणाल तर जर्मनीत हानाऊजवळ विल्हेल्म्सबाडला १७८० सालची चक्री आहे, खऱ्या घोड्याएवढे लाकडी घोडे, गोल छत्रीखाली. कित्येक वर्षे बंद होती, डागडुजी करून २०१६मध्ये पुन्हा फिरवली.

आता माझा एक प्रश्न, आणि याचे उत्तर मला फार हवेय. कुळागर, तुमच्या घोड्यांची कोणती कूस जास्त कोरलेली आहे? चक्रीचे घोडे कोरणारे बाहेरून दिसणाऱ्या बाजूवर जीव ओततात, आतली बाजू साधी ठेवतात. अमेरिकेत चक्री घड्याळाच्या उलट फिरते, म्हणून तिथे उजवी कूस नटलेली. इंग्लंडात घड्याळाप्रमाणे फिरते, तिथे डावी. तुमची कोणती?

खाजेवाली · ७ जानेवारी, सकाळी ६.३०

अय्या, हे कधी डोक्यातच आले नाही. मी उत्तराची वाट बघतेय, चहा गार झाला.

कुळागर · ७ जानेवारी, सकाळी ८.२०

कामाला जायच्या आधी रथखान्यात जाऊन आलो.

डावी. आठही घोड्यांची डावी. डाव्या कुशीला खोगिराची झालर आहे, झालरीला एकेक घुंगरू कोरलेले, मी मोजले, अकरा. खाली अबोलीच्या वळेसरासारखी, गजऱ्यासारखी नक्षी. उजव्या कुशीला खोगिराची नुसती रेघ, बाकी सपाट रंग.

म्हणजे ती मधला खांब उजव्या हाताला ठेवून फिरायची. प्रदक्षिणेसारखी. घरी येऊन आईला विचारले, ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “मग? देवळापुढे उलटी कशी फिरवतील?”

बोरीपूल · ७ जानेवारी, सकाळी ८.४५

अंगावर काटा आला.

सत्तरीचा वारा · ७ जानेवारी, दुपारी १२.००

आमच्याकडे शिगम्याला घोडेमोडणी असते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. कमरेला बांबूचा सांगाडा, पुढे लाकडी घोड्याचे तोंड, वर पांढरे कापड, डोक्यावर फेटा, हातात तलवार, पायांत घुंगरू. ढोल-ताशावर पुढे-मागे झुलत गावभर फिरतात. सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांतली ही गोष्ट. लढाई जिंकून परतणाऱ्या वीरांचे स्मरण.

हसऱ्याच्या फोटोत कानांच्या मधोमध जो उभा तुरा आहे, तसाच तुरा आमच्या मोडणीच्या घोड्याला असतो. चक्री करणाऱ्याने घोडेमोडणीचे घोडे पाहिलेले असणार, किंवा तोच ते करत असणार. आणि गंमत बघा, सह्याद्रीपल्याड सांगतील, युरोपातही हा प्रकार घोडेस्वारांच्या खेळातूनच आलाय ना?

सह्याद्रीपल्याड · ७ जानेवारी, रात्री १०.३०

बरोबर. कारोसेल हा शब्दच इटालियन-स्पॅनिशमधल्या ‘लुटुपुटीची लढाई’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय. १६६२मध्ये चौदाव्या लुईने पॅरिसमध्ये घोडेस्वारांचा मोठा खेळ भरवला, त्या चौकाला अजून तेच नाव आहे. दौडत जाऊन टांगलेल्या कडीत भाला घालायचा, हा त्यातला एक खेळ. सरावाला लाकडी घोडे टांगून माणसे किंवा जनावरे ते गोल फिरवत. वाफेचे यंत्र जोडले गेले ते १८६०च्या दशकात. तुमची चक्री हाताने ढकलायची म्हणजे ती त्या आधीच्याच जातीची.

तुमच्याकडे पुरुष घोडा कमरेला बांधून लढाई खेळतात आणि पोरे तोच घोडा चक्रीत बसून खेळतात. मी हे माझ्या मुलींना सांगितले, दोघी शिगम्याला यायचे म्हणतायत.

देवळाची पायरी · ८ जानेवारी, सकाळी ९.००

मी कुळागरच्याच गावचा आणि समितीत आहे. तो मला ओळखतो. माझीही बाजू ऐका.

रथाची दोन चाके बदलायची आहेत. माटीच्या झाडाचे लाकूड मिळायला वर्ष गेले. देवाचा रथ उभा राहिला नाही तर जत्रा कसली? पैसा झाडाला लागत नाही. चक्री मलाही प्रिय आहे, मी तिच्यात बसलोय. पण एखादे पोर पडले, हात मोडला, तर पोलीस कोणाच्या दारात येतील? तीस वर्षांपूर्वी लोक समजून घ्यायचे. आज मोबाइल काढून उभे राहतात. म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत विजेचे मोठमोठे पाळणे येतात, आमची पोरे तिथे जातात. त्यांना ही हळूहळू फिरणारी चक्री आवडेल का, हेही मला माहीत नाही. मी विकायच्या बाजूचा आहे ते काळजीपोटी.

कुळागर · ८ जानेवारी, सकाळी ९.४०

दादा, तुम्ही इथे लिहिलेत, बरे वाटले. रथाबद्दल तुमचे शंभर टक्के खरे. दोन्ही झाले पाहिजे, त्यासाठीच इथे विचारतोय. पडण्याची भीती मलाही आहे. कोणी यंत्रातला जाणकार आहे का?

नटबोल्ट · ८ जानेवारी, संध्याकाळी ७.००

आहे. कारखान्यात क्रेनची तपासणी करतो, तेच नियम इथे लावू.

लाकडापेक्षा लोखंडाची भीती जास्त. घोडा ज्या सळ्यांवर टांगलाय त्या लाकडातून जिथे आरपार जातात, तिथे आतल्या आत गंजलेल्या असतात आणि बाहेरून धडधाकट दिसतात. सगळ्या सळ्या, आकडे, बोल्ट नवे करा. जुने जपून ठेवा, पण वजन नव्यावर येऊ दे. वाळवीने खाल्लेल्या दोन दांड्याही नव्या.

मधल्या खांबाच्या बुडाला लोखंडी अणी आणि ती ज्यात फिरते ती वाटी, दोन्ही पाहा. वाटी तडकलेली नको. वरचे टोक चारी बाजूंनी तारांनी ताणलेले हवे.

मग वजन. पोर सरासरी २५ किलो धरा, आठांचे २००. तुम्ही प्रत्येक घोड्यावर ५० किलोचे वाळूचे पोते बांधा, म्हणजे दुप्पट. रात्रभर ठेवा. सकाळी दोरी लावून बघा दांडी वाकली का. त्यानंतरची परीक्षा लोक विसरतात : एकाच बाजूच्या चार घोड्यांवर पोती, समोरचे चार रिकामे. जत्रेत नेमके हेच होते, चार पोरे एका बाजूला आधी चढतात. खांब कलला तर तिथे कळेल.

पुढे नियम : एका घोड्यावर एकच पोर, कमरेला कापडी पट्टा, चढायला लाकडी पायरी म्हणजे घोड्याच्या पायावर कोणी पाय देणार नाही, आणि चक्रीच्या बाहेर दोन मीटरवर दोरीचे रिंगण. वेग माणसाच्या चालीएवढा. देवळाची पायरी यांनी विम्याचीही चौकशी करावी, जत्रेपुरता उतरवता येतो.

मी येऊन तपासून देतो. पैसे नकोत, जेवण घाला.

कावीची रेघ · ९ जानेवारी, सकाळी १०.१५

रंगाबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून घाईने लिहितेय. कृपा करून कोणी उत्साहाच्या भरात पॉलिशपेपर घेऊन घासायला बसू नका!

दोन कारणे. जुन्या तेलरंगांत शिसे असते. कोरडे घासले की ती धूळ नाकातोंडात जाते, आणि पोरे तर घोड्याची मान चाटतातसुद्धा. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) झाली ती १ नोव्हेंबर २०१७पासून. त्याआधीच्या कुठल्याही रंगाचा भरवसा नाही. सुटलेला रंग ओल्या फडक्याने टिपून काढायचा, मास्क लावून, आणि फडके जाळायचे नाही, बंद पिशवीत टाकायचे. जो रंग घट्ट बसलाय त्यावर आधी पारदर्शक थर द्यायचा, मग वर नवा शिसेविरहित रंग.

दुसरे कारण म्हणजे खालचा मूळ रंग. हसऱ्याच्या खोगिरापाशी पोपडा निघालाय ना, फोटो मोठा करून पाहा. निळ्याखाली लाल आहे, लालखाली पांढरा अस्तर. चितारी लोक चिंचोक्याच्या खळीत पांढरी माती कालवून असे अस्तर देतात आणि मग त्यावर रंग चढवतात. मी काणकोणात आणि सावंतवाडीच्या चितारआळीत काम पाहिलेय, अस्तर असेच दिसते. एका घोड्याचा तेवढा हातभर तुकडा तसाच राखून ठेवा, रंगवू नका. पुढे कोणाला मूळ रंग शोधायचा तर तिथे मिळेल.

रानभूल · ९ जानेवारी, दुपारी २.००

कावीची रेघ यांचे म्हणणे मला पटले आणि मी थोडी मागे येते. माझी सूचना : सात फिरवा, एक राखा. ज्याची कोरणी सर्वांत शाबूत आहे तो घोडा जसा आहे तसा ठेवा, न रंगवता, सभामंडपात. त्याच्या जागी आठवा नवा कोरा. सुतारपक्षींसारखा माणूस असेल तर गावातली दोन पोरे त्याच्या हाताखाली शिकतीलही. मी विरोध केला तो कारागीर परत मिळणार नाही म्हणून. मिळणार असेल तर मी कशाला अडवू?

सुतारपक्षी · ९ जानेवारी, रात्री ८.३०

रानभूलताई, देव बरे करो. नवा घोडा मी कोरतो. चैत्रापर्यंत नाही होणार, खोटे कशाला बोलू. नीट वाळलेली शिवण हवी आणि अडीच महिने रोज संध्याकाळी. पुढच्या जत्रेला होईल. यंदा सातच फिरतील, आठव्या दांडीला तेवढ्याच वजनाचे बाकडे लावू, म्हाताऱ्या माणसांना बसायला.

शिकायला येणाऱ्यांनी पटाशी आणि मोगरी घेऊन यावे. पहिला महिना फक्त धार लावायला शिकवीन.

मांडवीकाठ · ९ जानेवारी, रात्री ८.४०

बाकड्यावर पहिला नंबर माझ्या आजीचा. ती ८४ वर्षांची आहे, तिने आत्ताच सांगितलेय.

ओसरी · ११ जानेवारी, दुपारी ४.००

मी इथे कधी लिहीत नाही, वाचते. पण लिहायलाच हवे.

कुळागर, तुमच्या गावची चक्री ढकलणाऱ्या दोघांपैकी एक माझे वडील. फोटोत दांडीवर मधोमध जी खोलगट झीज दिसते ती त्यांच्या छातीची आणि हातांची. ते शेतात काम करायचे, जत्रेच्या तीन रात्री चक्रीवर. चार आण्याला वीस फेरे. मोजायला खडे ठेवायचे कमरेच्या गाठीत, पण शेवटच्या रात्री मोजायचे नाहीत. ज्या पोराकडे पैसे नसत त्याला ते म्हणायचे, “चल, तू ढकलायला ये,” आणि दोन फेरे झाले की उचलून घोड्यावर ठेवायचे. जत्रा संपली की चौथ्या दिवशी ते उठायचे नाहीत, आई उंडीचे तेल गरम करून छातीला चोळायची. तेच तेल ते चक्रीच्या अणीलाही घालायचे. आमच्या घराला त्या तीन दिवसांत त्या तेलाचा कडवट वास असायचा.

बाबा आता नाहीत. ती दांडी वाळवीच्या दोन दांड्यांपैकी नसेल एवढीच प्रार्थना.

कुळागर · ११ जानेवारी, संध्याकाळी ५.१०

ताई, आत्ताच जाऊन पाहिले. नाही. ती दांडी भिंतीला टेकलेली होती, कोरडी, ठणठणीत. तीच परत लावणार.

आणि काळे कागद उचलले. भुसा नाही. म्हणजे बहुधा जुनीच भोके.

पाटो · १२ जानेवारी, सकाळी १०.३०

वह्या पाहिल्यात का?

कुळागर · २५ जानेवारी, रात्री १०.४५

सभा झाली. उशीर झाला, सगळ्यांचे फोन येतायत म्हणून इथे एकदाच लिहितो.

वह्या पाहिल्या. चक्रीच्या खरेदीची नोंद सापडली नाही, पण डागडुजीच्या दोन नोंदी आहेत, एकीत ‘चक्रीच्या घोड्यास पाय १’ असे लिहिलेय. तोच आडव्या रेषेचा पाय असणार!

मी हा धागा छापून नेला होता. नटबोल्टांची वजनाची परीक्षा आणि रिंगण सभेत वाचून दाखवले, तेव्हा विरोध बराच मावळला. ओसरीताईंचे वाचायला घेतले आणि माझा घसा दाटला, तो कागद देवळाची पायरी दादांनी माझ्या हातून घेऊन शेवटपर्यंत वाचला. विकायचा ठराव त्यांनीच मागे घेतला.

ठरले ते असे : यंदा सात घोडे, एक बाकडे. वाळूची पोती लावून दोन्ही परीक्षा झाल्याशिवाय एकही पोर बसणार नाही. चक्रीचे पैसे रथाच्या चाकांना. एक घोडा सभामंडपात तसाच. तो कोणता यावर अर्धा तास वाद झाला, आणि हसऱ्याला काचेत ठेवायला सभेत एकही हात वर झाला नाही. तो फिरणार. शिवणीचा वाळलेला ओंडका एका कुळागरात (पोफळीच्या बागेत) पाच वर्षे पडून होता, मालकाने देवाला दिला.

रानभूल · २५ जानेवारी, रात्री ११.००

हसऱ्याबद्दल मीही हात वर केला नसता.

ओसरी · २५ जानेवारी, रात्री ११.२०

जत्रेला येते. घरात उंडीच्या तेलाची बाटली आहे.

नटबोल्ट · २६ जानेवारी, सकाळी ७.३०

सुरुवात कधी? मला पाळी बदलून घ्यावी लागेल.

कुळागर · २६ जानेवारी, सकाळी ७.५०

येत्या रविवारी साडेआठला, रथखान्यासमोर. सुतारपक्षी सामान घेऊन येतायत, त्यांनी सांगितलेय की सांधे धरायला क्लॅम्प कमी पडतील. ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणा, दोन फुटांच्या वरचे. मास्क आणि सुती फडकी आम्ही ठेवतो. जेवण आईकडे, उसळ-भात आहे.

मांडवीकाठ · २६ जानेवारी, सकाळी ८.०५

तीन क्लॅम्प आहेत. आजी पण येतेय, बाकड्याची उंची बघायला.